नासाचा पाऊस ब्राउझरमधून उतरतो, पायथनमधून का नाही?

मुठाकाठी
नमस्कार मंडळी. प्रश्न जरा तांत्रिक आहे, पण इथे आयटीवाल्यांचा तोटा नाही म्हणून इथेच विचारतेय.

आमची नदीवर काम करणारी छोटी संस्था आहे. टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला या चार धरणांच्या पाणलोटात कोणत्या वेळी किती पाऊस पडतो ते बघायचंय. धरणावरचा आकडा दिवसाला एकच मिळतो आणि मुठेचं पाणी चढायला तेवढा वेळ लागत नाही. म्हणून नासाचा आयमर्ग हा उपग्रहाचा डेटा घ्यायचं ठरवलं. दर अर्ध्या तासाला एक फाईल, ०.१ अंशाची जाळी, म्हणजे साधारण ११ किलोमीटरचा एक चौकोन. फुकट आहे, फक्त अर्थडेटा या नासाच्या डेटा-साईटचं खातं लागतं.

खातं काढलं. ब्राउझरमध्ये लॉगिन करून लिंकवर टिचकी मारली की फाईल व्यवस्थित उतरते. पण जून ते सप्टेंबर १२२ दिवस, दिवसाला ४८, म्हणजे एका पावसाळ्याच्या ५,८५६ फायली. त्या हाताने कोण उतरवणार? म्हणून पायथनचं रिक्वेस्ट्स हे वेबवरून फायली आणणारं पॅकेज घेतलं आणि यूजरनेम-पासवर्ड ‘ऑथ’मध्ये दिले:

रिक्वेस्ट्स.गेट(लिंक, ऑथ=("मुठाकाठी", "●●●●●●●"))

एरर शून्य. उत्तर २००. (२०० म्हणजे ‘सगळं ठीक’.) फाईल सेव्हसुद्धा होते. उघडायला गेलं की ‘अननोन फाईल फॉरमॅट’. खातं तेच, पासवर्ड तोच.

दुसरा प्रश्न, हा पासवर्ड असा कोडमध्ये लिहिलेला मला पटत नाही. तीन इंटर्न तोच कोड वापरतात. कुठे ठेवायचा?

संपादक
वरच्या कोडमधला पासवर्ड झाकला आहे.

मुठाकाठी
अहो, तो खोटाच होता. ‘पासवर्ड१२३’ लिहिलं होतं.

संपादक
खोटा असो वा खरा, कुठे वापरत असाल तर बदला.

कोथरूडकर_२
संपादकांचा पासवर्डही तोच निघाला वाटतं :)

टर्मिनलभाऊ
ती फाईल किती केबीची आहे? आणि नोटपॅडमध्ये उघडा. पहिली ओळ काय आहे ते इथे टाका.

हडपसर_नाईट_शिफ्ट
वाचतोय. आमच्याकडे रोज रात्री याच्या चुलतभावाशी मारामारी चालू असते.

निवांत
एवढा खटाटोप कशाला? आपल्या हवामान खात्याचा डेटा घ्या की. आयएमडीलिब नावाचं पायथन पॅकेज आहे, त्याला खातं नको, पासवर्ड नको, काही नको. वर्ष सांगा, पुणे ऑफिसच्या साईटवरून फाईल आणून देतं. १९०१ पासूनचा पाऊस आहे, पाव अंशाच्या जाळीवर.

मुठाकाठी
@निवांत, तो घेतलाय आधीच. छानच आहे, पण रोजचा एकच आकडा आहे आणि पाव अंशाचा चौकोन २७-२८ किलोमीटरचा. टेमघर आणि खडकवासला एकाच नाहीतर शेजारच्या चौकोनात येतात. तिथल्या पावसातला फरक तुम्हाला माहीतच आहे.

@टर्मिनलभाऊ, फाईल जेमतेम काही केबी आहे, खरी असते काही एमबींची. नोटपॅडमध्ये पहिली ओळ ‘डॉकटाइप एचटीएमएल’. खाली कुठेतरी ‘अर्थडेटा लॉगिन’ आणि ‘यूजरनेम’, ‘पासवर्ड’ असे शब्द दिसतात. हे काय गौडबंगाल?

टर्मिनलभाऊ
तुम्ही पाऊस उतरवलेलाच नाही. लॉगिनचं पान उतरवून त्याला पावसाच्या फाईलचं नाव दिलंय. सर्व्हरने ‘आधी लॉगिन करा’ असं पान पाठवलं. पान नीट पोचलं म्हणून उत्तर २००. रिक्वेस्ट्सला काय माहीत की तुम्हाला पान नको, पाऊस हवा होता.

डेटा ज्या सर्व्हरवर आहे तो वेगळा (जीईएस डिस्क) आणि लॉगिन करून घेणारा सर्व्हर वेगळा (यूआरएस). तुम्ही डेटावाल्याकडे गेलात, त्याने यूआरएसकडे पाठवलं. रिक्वेस्ट्स हे वळण स्वतःच घेतं. पण होस्ट (म्हणजे सर्व्हरचा पत्ता) बदलला की ते ‘ऑथ’मध्ये दिलेला पासवर्ड पुढे नेत नाही, मुद्दाम टाकून देतं. त्यामुळे यूआरएसपाशी तुम्ही रिकाम्या हाताने उभ्या.

कोथरूडकर_२
मुद्दाम का? आमच्यासारख्या सामान्य जनतेला समजेल असं सांगा.

विंडोजवाली
मी सांगते. सोसायटीच्या वॉचमनला तुम्ही ओळखपत्र दाखवलं. तो म्हणाला, माझ्याकडे काही नाही, आधी कमिटीच्या ऑफिसातून पास आणा. तुम्ही ओळखपत्र त्याच्याच टेबलावर ठेवून ऑफिसात गेलात. आता ऑफिसवाला विचारतोय, आपण कोण?

कोथरूडकर_२
आमच्या सोसायटीत पास मिळायला सेक्रेटरी दुपारची झोप झाल्यावर भेटतात. पण समजलं.

सुरक्षारक्षक
मुद्दाम टाकून देतं हे बरोबरच आहे. उद्या एखाद्या सर्व्हरने भलत्याच होस्टकडे वळवलं आणि पासवर्ड आपोआप मागोमाग गेला, तर काय? पॅकेजला शिव्या देऊ नका, त्याने तुमचंच भलं केलंय.

मुठाकाठी
शिव्या नाही देत, पण निदान ओरडायचं तरी. २०० म्हणून फाईल हातात देतं आणि वर्षाचा हिशोब करायला बसल्यावर कळतं.

टर्मिनलभाऊ
ते तुमच्या कोडचं काम. उत्तर आलं की ‘कंटेंट टाइप’ (आलेली वस्तू कुठल्या प्रकारची ते) बघायचा. त्यात एचटीएमएल दिसलं की तिथेच थांबायचं. एवढं घातलंत तर पहिल्याच फाईलला कळेल.

उपाय. तुमच्या होम फोल्डरमध्ये डॉट-नेटआरसी नावाची फाईल करा. त्यात एकच ओळ: मशीन, मग यूआरएस.अर्थडेटा.नासा.गव्ह, मग लॉगिन, मग यूजरनेम, मग पासवर्ड हा शब्द आणि पुढे खरा पासवर्ड. हे सगळं अर्थातच इंग्रजी लिपीत, छोट्या अक्षरांत. मग कोडमधलं ‘ऑथ’ काढून टाका. आता काय होईल, डेटावाल्याने यूआरएसकडे वळवलं की रिक्वेस्ट्स नव्या होस्टचं नाव त्या फाईलमध्ये शोधेल, तिथे तुमची ओळ सापडेल आणि फक्त त्याच दारात पासवर्ड दिला जाईल. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही यातच आलं, पासवर्ड कोडच्या बाहेर गेला.

लिनक्सवर किंवा मॅकवर असाल तर त्या फाईलला सीएचमॉड ६०० करा, म्हणजे ती फक्त तुम्हालाच वाचता येईल.

विंडोजवाली
आणि विंडोजवर असाल तर माझं ऐका. नोटपॅडमध्ये सेव्ह करताना ते मागे गुपचूप डॉट टीएक्सटी लावतं आणि एक्सप्लोरर ते शेपूट लपवतो. आपल्याला वाटतं डॉट-नेटआरसी झाली, प्रत्यक्षात असते डॉट-नेटआरसी डॉट टीएक्सटी. व्ह्यूमध्ये जाऊन ‘फाईल नेम एक्स्टेंशन्स’ला टिक करा, मग दिसेल. काही प्रोग्रॅम विंडोजवर सुरुवातीला डॉटऐवजी अंडरस्कोर असलेलं नाव शोधतात. रिक्वेस्ट्स दोन्ही नावं बघतं.

पाषाणकर
मला वाटतं रिक्वेस्ट्सच्या भानगडीत पडूच नये. नासाच्या डेटासाठी अर्थअॅक्सेस नावाचं पॅकेज आहे, खास याच कामाचं. अर्थअॅक्सेस डॉट लॉगिन म्हटलं की ते आधी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (संगणकात नाव देऊन ठेवलेली सेटिंग) बघतं, मग नेटआरसी, आणि दोन्हीकडे काही नसेल तर तुम्हालाच विचारतं. ‘पर्सिस्ट’ ट्रू दिलंत तर नेटआरसीही तेच लिहून ठेवतं. मग सर्च डेटा, त्यात जीपीएम अंडरस्कोर ३-आयमर्ग-एचएच हे नाव, तारखा आणि चौकट द्या, आणि डाउनलोड. वळणाची डोकेदुखी त्याची.

एक सांगून ठेवतो. तुम्हाला चालू पावसाळ्यात बघायचं असेल तर त्या नावाच्या शेवटी आणखी एक ‘ई’ लावा, म्हणजे ‘अर्ली’ डेटा. तो चारेक तासांत येतो. ‘फायनल’ला साडेतीन महिने लागतात, तोवर गणपती जाऊन दिवाळी येते.

निवांत
म्हणजे माझंच खरं. आपल्या खात्याला पासवर्ड नाही, दुसऱ्याच्या दारात एवढी सोंगं.

पाषाणकर
@निवांत, आयएमडीच्या त्या फायली वापरताना पावसात उणे ९९९ आलं की ते ‘डेटा नाही’ असं समजायचं असतं. जाळी १३५ गुणिले १२९ आहे, समुद्रावर सगळीकडे तेच. कुणीतरी सरासरी काढून अरबी समुद्रात उणे पाऊस पडला असं म्हणू नये म्हणून सांगतो. पासवर्ड नसला तरी सोंगं तिथेही आहेतच.

निवृत्त_निरीक्षक
चर्चा वाचून मजा वाटली. शिवाजीनगरला ज्याला तुम्ही सिमला ऑफिस म्हणता, ते नाव पडलं कारण हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून पुण्यात आलं. पुढे ते दिल्लीला गेलं, नाव इथेच राहिलं. नोकरीत असताना मी पर्जन्यमापकाची नोंदवही भरायचो. कपाटाला कुलूप आणि किल्ली साहेबांकडे, हेच आमचं लॉगिन.

मुद्दा वेगळाच सांगायचा होता, पण आधी ताईंचा पाऊस उतरू दे, मग सांगतो.

मुठाकाठी
काका, सांगा ना!

टर्मिनलभाऊ, चाललं! माझ्या लॅपटॉपवर नेटआरसी केली, ‘ऑथ’ काढलं आणि पहिली फाईल उतरली, उघडलीसुद्धा. विंडोजवाली, तुम्ही म्हणालात तसंच, डॉट टीएक्सटी लागलं होतं.

पण आता नवीन. एका इंटर्नने स्वतःचं खातं काढलं, नेटआरसी माझ्यासमोर केली, शब्दन्‌शब्द तपासला. तरी त्याला लॉगिनचं पानच मिळतंय. माझी फाईल त्याच्या लॅपटॉपवर ठेवली की चालतं.

टर्मिनलभाऊ
त्याने त्या खात्यात जीईएस डिस्कला परवानगी दिलेली नसणार. अर्थडेटाच्या प्रोफाईलमध्ये ‘अॅप्लिकेशन्स’ आहे, तिथे ‘ऑथराइज्ड अॅप्स’. त्यात ‘नासा जीईएसडिस्क डेटा अर्काइव्ह’ शोधून मंजूर करायचं. तुम्ही आधी ब्राउझरने फाईल उतरवलीत तेव्हा तो प्रश्न तुम्हाला विचारला गेला असणार आणि तुम्ही ‘हो’ म्हणून विसरून गेलात. त्याने थेट पायथनने सुरुवात केली, त्याला विचारायला कुणी नव्हतं.

पाषाणकर
+१. युरोपच्या कोपर्निकस या हवामान-डेटा सेवेकडे हाच प्रकार वेगळ्या वेषात आहे. ईआरए५ हा त्यांचा हवामानाचा डेटा हवा असेल (१९४० पासूनचा, ताशी) तर सीडीएसएपीआय हे पॅकेज. किल्ली (पासवर्डसारखा त्यांचा कोड) बरोबर असली तरी त्या डेटासेटचं लायसन्स त्यांच्या पानावर जाऊन मान्य केलेलं नसेल तर ४०३. सुदैवाने त्यांचा निरोप स्पष्ट असतो, कुठल्या पानावर जाऊन मान्य करा तेही सांगतो. पोरं निरोप न वाचता किल्ल्या बदलत बसतात.

शिवाय सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांनी जुनी यंत्रणा बंद करून नवी आणली. जुन्या किल्लीत आधी नंबर, मग कोलन, मग लांबलचक अक्षरं असायची. आता नुसतं टोकन. पत्त्यातला शेवटचा ‘व्ही२’ही गेला. गुगलवर सापडणाऱ्या निम्म्या उत्तरांत अजून जुनंच आहे. कुठल्याही उत्तराची तारीख आधी बघा.

हडपसर_नाईट_शिफ्ट
४०१ आणि ४०३ मधला फरक आमच्याकडे नव्या पोरांना पहिल्याच आठवड्यात सांगतो. ४०१ आलं तर तू कोण ते कळलेलं नाही, किल्ली तपास. ४०३ आलं तर कळलंय, पण परवानगी नाही, किल्लीला हात लावू नकोस. ४२९ आलं तर घाई करतोयस, थांब.

आर_आणि_मी
इथे सगळे पायथनवाले. आर ही दुसरी प्रोग्रॅमिंग भाषा वापरणाऱ्यांसाठी दोन पैसे: कोपर्निकससाठी ईसीएमडब्ल्यूएफआर पॅकेज आहे. डब्ल्यूएफ सेट की म्हणून टोकन दिलं की ते संगणकाच्या कीरिंगमध्ये (कुलूपबंद पासवर्ड-पेटीत) जातं, साध्या फाईलमध्ये उघडं पडत नाही. स्क्रीन नसलेल्या सर्व्हरवर कीरिंग अडून बसतं, तिथे त्याला ‘फाईल’ बॅकएंड सांगावं लागतं.

आणि आरची सेटिंग्जची डॉट-आरएन्व्हायरन फाईल वापरत असाल तर शेवटच्या ओळीनंतर एंटर मारा. नाही मारलं तर आर ती शेवटची ओळ मुकाट्याने गाळतं. किल्ली बहुतेक वेळा शेवटच्याच ओळीत असते.

वाचनमात्र
वाखुसा (वाचनखूण साठवली).

निवांत
मला एक प्रामाणिक शंका आहे. हा पावसाचा डेटा आहे, कुणालाही फुकट मिळतो. त्याचा पासवर्ड चोरून कोण काय करणार? पाऊस चोरणार? संस्थेचं एक खातं काढा, तिघा इंटर्नना द्या, कोडमध्ये लिहा आणि कामाला लागा. फार बाऊ करता तुम्ही लोक.

सुरक्षारक्षक
बाऊ नाही. (अ) बहुतेक माणसं तोच पासवर्ड मेललाही वापरतात. (आ) कुणी तुमच्या नावाने भरमसाट विनंत्या मारल्या आणि खातं बंद झालं, तर ऐन जुलैत तुमचंच काम थांबेल. (इ) इंटर्न गेला की पासवर्ड त्याच्याबरोबर जातो. मग तो बदलायचा आणि तिन्ही लॅपटॉपवर पुन्हा घालायचा. प्रत्येकाचं खातं वेगळं असेल तर ज्याचं त्याच्यापाशी.

मुठाकाठी
(इ) पटलं. आमचे इंटर्न दर सहा महिन्यांनी बदलतात.

निवांत
(आ) पटलं. (अ) त्यांचा प्रश्न.

हडपसर_नाईट_शिफ्ट
निवांतराव, आमच्या एका क्लायंटकडचा किस्सा. एका पोराने क्लाउडची किल्ली नोटबुकमध्ये लिहिली, नंतर लक्षात आल्यावर ती ओळ पुसली आणि पुन्हा कमिट केलं, म्हणजे गिट या कोडची प्रत्येक आवृत्ती जपणाऱ्या प्रोग्रॅममध्ये नोंदवलं. सगळे निर्धास्त. रेपॉझिटरी (कोडचं कोठार) मात्र सगळ्यांना उघडी. गिटमध्ये ओळ पुसली तरी आधीच्या कमिटमध्ये ती जशीच्या तशी असते आणि अशा किल्ल्या शोधत फिरणारे बॉट असतात. बिल आलं तेव्हा कळलं. पावसाच्या डेटाला बिल नाही हे मान्य, पण सवय तीच लागते.

आणि क्रम लक्षात ठेवा. किल्ली उघडी पडली की पहिल्यांदा ती रद्द करायची, मग इतिहास साफ करत बसायचं. सगळे उलटं करतात. ज्युपिटर नोटबुकवाल्यांनो, किल्ली कधी प्रिंट केलीत तर ती खालच्या आउटपुटमध्येही सेव्ह होते. गेटपास वापरा, टाइप केलेलं दिसत नाही.

कोथरूडकर_२
म्हणजे पायथनलाही गेटपास लागतो. वॉचमनची तुलना आता कुठे पूर्ण झाली.

विंडोजवाली
:)) कोथरूडकर, सेक्रेटरी उठले का?

सुरक्षारक्षक
पासवर्डऐवजी टोकन का नाही वापरत कुणी? अर्थडेटाच्या प्रोफाईलमध्ये टोकन तयार करता येतं. ते हरवलं तर तेवढंच रद्द करायचं, पासवर्डला धक्का नाही.

टर्मिनलभाऊ
वापरा की, हाताने चालवत असाल तर उत्तम. पण ते टोकन ६० दिवसांचं असतं आणि पावसाळा चार महिन्यांचा. जूनच्या पहिल्या आठवड्यात लावलेलं टोकन ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मरणार, नेमकं धरणं भरत आलेली असताना. आपोआप चालणाऱ्या कामासाठी मी नेटआरसीच ठेवेन.

अजून एक खोच. नेटआरसी असताना तुम्ही हेडरमध्ये (विनंतीच्या वरच्या भागात) टोकन दिलंत आणि त्याच होस्टची ओळ नेटआरसीमध्येही असेल, तर रिक्वेस्ट्स तुमचं टोकन बाजूला सारून नेटआरसीचा पासवर्ड पाठवतं. माणूस टोकन बदलून बदलून दमतो.

सुरक्षारक्षक
मान्य नाही. साठ दिवसांनी टोकन बदलायचा रिमाइंडर लावणं अशक्य आहे का? उघडा पासवर्ड फाईलमध्ये चार महिने ठेवण्यापेक्षा ते बरं.

टर्मिनलभाऊ
रिमाइंडर लावणारा इंटर्न तोवर बदललेला असतो :)

मुठाकाठी
तुमचं भांडण माझ्या पुढच्याच प्रश्नावर आलंय. इंटर्नचं काम झालं, अॅपला परवानगी दिल्याबरोबर उतरलं. आता ऑफिसातल्या उबुंटूवर रोज पहाटे आपोआप उतरावं म्हणून क्रॉन (ठरल्या वेळी काम चालवणारी सोय) लावला. हाताने चालवलं की चालतं, पहाटे क्रॉनने चालवलं की पुन्हा लॉगिनचं पान. निदान कंटेंट टाइप तपासायची युक्ती घातल्यामुळे या वेळी लगेच कळलं.

हडपसर_नाईट_शिफ्ट
क्रॉन कुणाच्या नावाने लावलाय? सुडो करून (म्हणजे अॅडमिनच्या अधिकाराने) क्रॉनटॅब, म्हणजे क्रॉनची यादी, उघडला असेल तर तो रूटचा, म्हणजे मुख्य अॅडमिनचा. मग होम फोल्डर रूटचं, नेटआरसी तिथे शोधली जाणार. तुमची आहे तुमच्या घरी.

मुठाकाठी
सुडोच केलं होतं, आमच्या कॉम्प्युटरवाल्याने सांगितलं म्हणून.

हडपसर_नाईट_शिफ्ट
मग सुडो न लावता स्वतःचा क्रॉनटॅब उघडा. पाऊस उतरवायला रूटची गरज नाही. पासवर्ड एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवून तो बॅशआरसीत (टर्मिनल उघडताना वाचली जाणारी फाईल) लिहिणाऱ्यांसाठी: क्रॉन ती फाईल वाचत नाही. तिथेही हेच रडगाणं.

मुठाकाठी
आज पहाटेच्या सगळ्या फायली उतरल्या. लॉगमध्ये एकही एचटीएमएल नाही. टर्मिनलभाऊ, हडपसर, विंडोजवाली, सगळ्यांचे आभार. पाषाणकर, इंटर्नना अर्थअॅक्सेस शिकायला लावलंय, क्रॉनही हळूहळू त्यावर नेऊ.

काका, आता तुमचा मुद्दा?

निवृत्त_निरीक्षक
तुमच्या फायलींवर वेळ कुठली लिहिलेली आहे?

पाषाणकर
यूटीसी, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक वेळ. काका कुठे निघालेत ते कळलं मला.

निवृत्त_निरीक्षक
बरोबर. आपल्याकडे पर्जन्यमापक सकाळी साडेआठला वाचतात आणि तो आदल्या साडेआठपासूनच्या चोवीस तासांचा पाऊस असतो, नोंद होते वाचल्याच्या तारखेला. साडेआठ म्हणजे यूटीसीचे तीन. तेव्हा ताई, धरणावरचा १२ तारखेचा आकडा तुमच्या उपग्रहाच्या १२ तारखेच्या ४८ फायलींशी लावू नका. ११ तारखेच्या यूटीसी तीनपासून १२ तारखेच्या तीनपर्यंतच्या फायली घ्या. रात्रीचा जोरदार पाऊस एका दिवसातून दुसऱ्या दिवसात सरकतो आणि मग लोक उपग्रहाला खोटं म्हणतात.

पाषाणकर
शिवाय त्या फायलींमधला आकडा मिलिमीटर प्रति तास आहे, अर्ध्या तासाचा नाही. नुसती बेरीज केलीत तर पाऊस दुप्पट. आधी दोनने भागा.

आणि घाटमाथ्यावर तरीही कमीच भरेल. तिथला बराच पाऊस उंचीला बेताच्या ढगांतून पडतो, वरून बघणाऱ्याला तो नीट दिसत नाही. ताम्हिणीकडचा आकडा मापकाच्या बराच खाली आला तर त्यात पासवर्डचा दोष नाही :)

मुठाकाठी
अरे देवा. आम्ही दोनने भागत होतो, पण तारखा नासाच्याच घेत होतो. काका, तुमचे पाय कुठे आहेत?

निवृत्त_निरीक्षक
सदाशिव पेठेत. पण दुपारी नका येऊ.

निवांत
आता मला सांगा, रिक्वेस्ट्सऐवजी गुगल अर्थ इंजिन वापरलं तर हे सगळं टळतं का? पुतण्या म्हणतो तिथे आयमर्ग आयताच आहे, काही उतरवायला लागत नाही.

टर्मिनलभाऊ
उतरवायला लागत नाही, पण आधी अर्थइंजिन ऑथेंटिकेट करायचं, मग इनिशियलाइझ करताना क्लाउड प्रोजेक्टचं नाव द्यायचं, आणि तो प्रोजेक्ट अर्थ इंजिनसाठी नोंदवलेला हवा.

निवांत
म्हणजे पुन्हा लॉगिन.

संपादक
अर्थ इंजिनसाठी कृपया वेगळा धागा काढा.